उद्यम नोंदणी रद्द करायला आलेले काका

सनदी लेखापालाला मार्चअखेरीची धावपळ नवी नसते. परंतु 2024 साली 31 मार्च रविवारी येत होता, मध्ये धुळवड आणि गुड फ्रायडे होते, आणि 22 मार्चच्या शुक्रवारपासून मोजले तर बँका उघड्या असण्याचे जेमतेम पाच दिवस हाती उरले होते. त्या शुक्रवारी सकाळी घाटकोपरमधील माझ्या कार्यालयात साकीनाक्याचे एक कारखानदार वेळ न घेता येऊन बसले. त्यांचे हिशेब माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहेत, म्हणून मी त्यांना काकाच म्हणते. खुर्चीवर टेकताच ते म्हणाले, “मॅडम, ते उद्यमचं सर्टिफिकेट तेवढं रद्द करून द्या. आजच करा.” उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी.

काकांचा गाळा साधारण चारशे चौरस फुटांचा आहे. त्यात तीन पॉवर प्रेस, एक लेथ, एक ड्रिलिंग मशिन आणि आठ कामगार. लालबहादूर शास्त्री मार्गावरील ज्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी उमेदवारी केली, तो बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी पहिली प्रेस घेतली. आज ते विजेच्या पॅनेलमध्ये लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, क्लिपा आणि ब्रॅकेट तयार करतात. वर्षाची उलाढाल 1 कोटी 40 लाखांच्या आसपास आहे, आणि तिच्यातील सत्तर टक्के एकाच मोठ्या कंपनीकडून येते. हा माल इतका बारीकसारीक असतो की पॅनेल उघडूनही तो कोणाच्या नजरेत भरत नाही, पण एक क्लिप कमी पडली तर सबंध पॅनेल पुढे सरकत नाही.

आदल्या संध्याकाळी त्या कंपनीच्या खरेदी विभागातून त्यांना फोन आला होता. उद्यम नोंदणी रद्द करून तसे पत्र द्यावे, अन्यथा एप्रिलपासून ऑर्डर मिळणार नाही आणि डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे, परत नेण्यासाठी टेम्पो पाठवला जाईल, असा तो निरोप होता. प्रेसच्या धंद्यात डाय परत जाण्याचा अर्थ काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. त्या पाच डाय कंपनीच्या मालकीच्या असल्या, तरी त्यांना धार लावणे, त्यांचे पंच बदलणे, कोणत्या जाडीच्या पत्र्याला किती फट ठेवायची हे ठरवणे, ही सारी विद्या काकांच्या हातात बारा वर्षांत मुरलेली आहे. डाय गेली की काम जाते, आणि ही विद्या ज्यावर चालवायची ते साधनही जाते.

या मागणीमागचे कारण मला ठाऊक होते, कारण त्या महिन्यात अशी मागणी ऐकलेला हा माझ्याकडे आलेला तिसरा उद्योजक होता. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे वेळेवर द्यावेत, हा कायदा काही नवीन नाही. तो 2006 सालचा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस आणि करार नसेल तर 15 दिवस, एवढीच मुदत खरेदीदाराला मिळते. ती चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. मार्च 2024 मध्ये बँक दर 6.75 टक्के होता, म्हणजे हे व्याज 20.25 टक्के झाले. इतका कडक कायदा असूनही अठरा वर्षांत काकांसारख्यांनी त्याचा आधार क्वचितच घेतला, कारण त्यासाठी ज्याच्यावर पोट अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध लवादासारख्या परिषदेकडे लेखी तक्रार करावी लागते. हक्क दिला, पण तो मागण्याचे धाडस ज्याने करायचे तोच सगळ्यांत दुबळा, असा हा पेच होता.

2023 च्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43ब मध्ये जे नवे उपकलम आणले, त्याने हा पेच पहिल्यांदा बाजूला सारला. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाईल, असे ते सांगते. आता लहान उद्योजकाने तक्रार करण्याची गरजच राहिली नाही. लेखापरीक्षक ताळेबंद तपासताना विचारणार आणि खरेदीदाराचा कर वाढणार. 2023-24 हे या तरतुदीचे पहिलेच वर्ष होते. म्हणूनच मार्चमध्ये मुंबईत एकीकडे अंमलबजावणी पुढे ढकलावी म्हणून व्यापारी संघटना निवेदने देत होत्या, आणि दुसरीकडे पुरवठादारांनाच ‘लहान’ या व्याख्येतून बाहेर काढण्याचे फोन होत होते.

मी काकांचे खाते उघडले. कंपनीकडून येणे 23 लाख 60 हजार. त्यातील 17 लाख 70 हजारांची बिले 45 दिवस केव्हाच ओलांडून गेली होती, सरासरी अडीच महिन्यांनी. कायद्याने त्यावर जवळपास 75 हजार रुपये व्याज होत होते. हा आकडा मी सांगितला तेव्हा काकांनी हातानेच नको म्हटले. “व्याज कोण मागतंय मॅडम, मुद्दल मिळालं तरी देव पावला.” मग त्यांनी स्वतःहून बाकीचे सांगितले. येणे असलेल्या रकमेत 3 लाख 60 हजार जीएसटीचे होते. कच्च्या मालावरील कर वजा जाता उरलेला कर त्यांनी जवळपास सगळा भरून टाकला होता, कारण तो बिलावर लागतो, पैसे हाती आले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. कळंबोलीच्या बाजारातून पत्रा आठ दिवसांच्या बोलीवर येतो. बँकेने कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि येणी यांच्या तारणावर पैसे उचलण्याची, मर्यादा 20 लाख दिली होती, परंतु नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी बँक हिशेबात धरत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष उचल करण्याची मर्यादा बारा लाखांवर आली होती आणि खाते अनियमित असल्याचे संदेश त्यांच्या मोबाइलवर येऊ लागले होते. प्रेस दोन पाळ्यांत चालत होत्या, माल जात होता, आणि कागदावर तोच उद्योग आजारी ठरण्याच्या वाटेवर होता.

लहान उद्योगांना भांडवल कमी पडते, असे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ते खोटे नाही. पण काकांच्या खात्यात मला त्या दिवशी दिसले ते असे की, 11 टक्क्यांनी बँकेकडून उचललेले पैसे हा माणूस एका बलाढ्य कंपनीला चार-चार महिने बिनव्याजी वापरायला देत होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत देशात सुमारे 6.34 कोटी असे उद्योग आणि त्यांत 11.10 कोटी रोजगार मोजले गेले. त्या उद्योगांतील 99 टक्क्यांहून अधिक सूक्ष्म या गटातले, म्हणजे काकांसारखे किंवा त्यांच्याहूनही लहान होते. देशाच्या उत्पन्नात या क्षेत्राचा वाटा सुमारे 30 टक्के आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडून थोडे थोडे असे उसने घेतले जात असेल तर मोठ्यांच्या ताळेबंदातील किती शिल्लक खरोखर त्यांची स्वतःची आहे, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

तरीही काका ठाम होते. मी त्यांना सांगितले की, नोंदणीनंतर केलेल्या पुरवठ्यालाच संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले आहे. आज नोंदणी रद्द करून पुढे पुन्हा केली, तरी मधल्या काळातील बिले उघडी पडतील. ते म्हणाले, “कळतंय मला. पण आठ घरं चालतात त्या गाळ्यावर.” निर्णय त्यांचा होता. मी पोर्टल उघडले आणि नोंदणी क्रमांक भरला.

ओटीपी काकांच्या मोबाइलवर आला नाही. नोंदणीच्या वेळी काकूंचा क्रमांक दिलेला होता. काकांनी विक्रोळीला घरी फोन लावला आणि आकडे वाचून दाखवायला सांगितले. पलीकडून काकूंनी कशासाठी ते विचारले. काकांनी दोन वाक्यांत सांगितले. मग काकू म्हणाल्या, “मी येते तिकडे. तोवर काही करू नका.”

पाऊण तासाने त्या कन्नमवार नगरहून रिक्षाने आल्या. हातात दोनशे पानी वही होती. उजव्या पानावर येणे, डाव्या पानावर देणे. संगणकातील माझी नोंद आणि त्यांची वही यांत मला कधी रुपयाचा फरक सापडलेला नाही. बसल्या बसल्या त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “ताई, रद्द केलं तर पैसे लवकर मिळणार आहेत का?”

मी नाही म्हणाले. काका खिडकीकडे पाहत राहिले.

“मग कशाला रद्द करायचं?” असे म्हणून त्यांनी वहीचे डावे पान माझ्यापुढे केले. कुर्ल्यातील प्लेटिंगवाल्याचे, म्हणजे मालावर धातूचा मुलामा चढवून देणाऱ्याचे, सव्वा लाख तिथे मांडलेले होते, तीन महिन्यांपासून. “हा पोरगा पण रजिस्टर आहे. आपण त्याला थांबवलंय ना? आपल्याला सोडवलं की आपण त्याला सोडवू. आपणच लहान नाही म्हणून लिहून दिलं, तर त्याने कुणाकडे बघायचं?” मी कबूल करते की त्या प्लेटिंगवाल्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तो आमचा ग्राहक नाही, आणि मी हिशेब काकांचा करत होते. थकबाकी एका जागी थांबत नाही, ती आपल्याहून लहान माणसाच्या दारात जाऊन बसते. काकूंना हे वही लिहिता लिहिता समजले होते.

ओटीपीची मुदत संपून गेली होती. आम्ही दुपारी कंपनीच्या लेखा विभागाला पत्र लिहिले. त्यात कायद्याचा धाक घातला नाही आणि व्याजाचा शब्दही काढला नाही. एवढेच लिहिले की, मागील सर्व माल नोंदणी चालू असताना पुरवलेला असल्यामुळे आता ती रद्द केल्याने कंपनीचा प्रश्न सुटेल असे दिसत नाही, उलट 31 मार्चपर्यंत रक्कम दिली तर खर्च याच वर्षी मान्य होईल. थकलेल्या बिलांची जीएसटी वगळून होणारी 15 लाखांची रक्कम नामंजूर झाली, तर 25 टक्क्यांच्या दराने कंपनीचा कर पावणेचार लाखांनी वाढला असता, तो आकडाही खाली दिला. खरेदी विभागाला दर आणि मुदत कळते, लेखा विभागाला कर कळतो, आणि एकाच इमारतीतील ही दोन खाती बहुधा एकमेकांशी बोलत नाहीत, या माझ्या अनुभवावर मी भिस्त ठेवली होती.

गुरुवारी, 28 मार्चला, दुपारी तीनच्या सुमारास 11 लाख 80 हजार रुपये जमा झाले. उरलेली जुनी बिले एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली. त्याच दिवशी, गुरुवारीच, संध्याकाळी काकूंनी प्लेटिंगवाल्याला सव्वा लाख पाठवले आणि मला फोन करून नोंद लिहून घ्यायला सांगितली.

जूनमध्ये कंपनीचा टेम्पो आला आणि पाचपैकी दोन डाय घेऊन गेला. कारण सांगितले गेले नाही. व्याजासाठी परिषदेकडे जावे, असे मी एकदा सुचवले होते. कायद्याने परिषदेने नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि निकालाविरुद्ध जायचे तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, हेही समजावले होते. काका नको म्हणाले, आणि त्या टेम्पोनंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही. दोन कामगार कमी करावे लागतील, अशी त्यांना भीती होती. दिवाळीपर्यंत भिवंडीच्या एका पॅनेलवाल्याचे काम मिळाले, दर थोडा कमी, पण पैसे तीस दिवसांत, आणि आठही कामगार राहिले. त्या कामाच्या दोन नव्या डाय काकांनी स्वतःच्या खर्चाने बनवून घेतल्या आहेत. यंदा घसारा काढताना मी त्यांच्या यंत्रसामग्रीच्या यादीत त्या पहिल्यांदा चढवल्या.