एकाच पाण्याचे दोन रंग

विहिरीचं एकच पाणी त्या दिवशी आमच्या कागदी चिपवर दोन रंग दाखवत होतं. चिप म्हणजे फिल्टर पेपरवर पाणी अडवणाऱ्या कडांमध्ये आखलेल्या पाण्याच्या वाटा, म्हणजे चॅनेल. आमची अधिक चिन्हाच्या आकाराची. मधे थेंब टाकायचा, चारही टोकांना लोह ओळखणारं फिनॅन्थ्रोलीन आधीच वाळवून ठेवलेलं. टोकं सारखीच नारिंगी व्हायला हवीत. इथे समोरासमोरची दोन गडद, उरलेली दोन फिकट.

हार्वर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ साली अशा चिप फोटोरेझिस्टने, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रसायनाने केल्या, २००९ मध्ये मेणाच्या प्रिंटरने. तसे प्रिंटर आता नवे मिळत नाहीत, म्हणून आम्ही लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांकडून छपाईची जाळी, म्हणजे स्क्रीन बनवून घेतली. चॅनेलची जागा इमल्शनच्या लेपाने बंद, बाकी जाळी उघडी. वरून मेण घासायचं आणि कागद हॉट प्लेटवर १०० अंशांना मिनिटभर ठेवायचा. खरी परीक्षा त्या मिनिटाची. मेण ०.१८ मिमी जाडीच्या फिल्टर पेपरच्या आरपार उतरलं नाही तर पाणी खालून झिरपतं, आणि जास्त तापलं तर आडवं पसरून चॅनेलच खातं. ३ मिमी आखावं तेव्हा जेमतेम २ उरतात. उजेडासमोर धरल्यावर मेण मुरलेला भाग वडे ठेवलेल्या कागदासारखा आरपार दिसतो. त्यात एक पांढुरका ठिपका राहिला तरी चिप बाद. ‘काही पैशांत चिप’ म्हणून परिषदांत टाळ्या घेणारे ही रद्दी हिशेबात धरत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

दोन रंगांचं कारण शोधायला फिनॅन्थ्रोलीनचं द्रावण नव्याने केलं, मेण तपासलं. फरक शून्य. दुसरी स्क्रीन द्यायला आलेल्या काकांनी चिप हातात घेतली आणि कोरा कागद मागितला. उभा फाडला, सरळ फाटला. आडवा फाडला, वेडावाकडा गेला.

“मॅडम, ग्रेन बघितला नाहीत का? पाणी ग्रेनकडेच पळणार.”

यंत्रावर कागद बनताना बरेचसे तंतू एकाच दिशेला पडतात, तोच ग्रेन. त्या दिशेच्या दोन हातांत पाणी लवकर आणि जास्त पोचत होतं. आम्ही नक्षी ४५ अंशांनी फिरवली. चारही हात ग्रेनशी सारख्याच कोनात आले आणि चारही टोकं एकसारखी नारिंगी झाली. गोल कापलेले फिल्टर पेपर तेव्हापासून बंद, त्यांत ग्रेनची दिशा कळत नाही.

शोधनिबंधात ‘स्थानिक मुद्रकाचे आभार’ एवढं पुरे, असं वरिष्ठांचं म्हणणं. मला ते पटत नाही. द्रावणं करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव लेखकांत येतं, मग दोष ज्यांनी शोधला त्यांचं का नाही? मी काकांचं नाव लेखकांच्या यादीत घातलंय. मसुदा वरिष्ठांच्या टेबलावर अडकलाय.