तुम्ही विचारलंत म्हणून : धावायला सगळ्यात चांगलं कुठं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न "गाडी कधी सुटते?" हा आहे. त्याच्या खालोखाल "कंडक्टर साहेब, धावायले सगळ्यात चांगलं कुठं वाटते जी?" हा प्रश्न बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे विचारतात, दाराशी लटकून. तेव्हा माझ्या हातात तिकिटाचं मशीन असतं, पन्नास माणसं उभी असतात, आणि मी "सांगतो, आधी आत सरका" म्हणून सुटका करून घेतो. आज सांगतो.

मी एसटीत कंडक्टर, यवतमाळ जिल्ह्यात. महिन्यातल्या दहा-बारा रात्री मुक्कामी गाडीवर. रात्री साडेआठला शेवटच्या गावात गाडी लावायची, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाहीतर सीटवरच अंग टाकायचं, सकाळी सहाला पहिली फेरी. चारला उठून मी धावून येतो. म्हणजे धावायची जागा मी निवडत नाही, ड्युटी लावणारा निवडतो.

भरतीवाल्यांसाठी उत्तर सरळ आहे. तुमची परीक्षा 1600 मीटरची (पोरींची 800), ती मैदानात होते, तर मैदानातच धावा. गावात नवा झालेला सिमेंट रोड दिसायला गुळगुळीत असतो, पण महिनाभर त्यावर पळा आणि मग नडग्यांना विचारा. माझ्या नडग्यांनी तरी स्पष्ट नकार दिलेला आहे.

माझ्यापुरतं विचाराल, तर पांदण. गावातून वावरांकडे जाणारी, दोन्हीकडे धुरे (म्हणजे बांध) आणि बाभळी असलेली बैलबंडीची वाट. पण कुठल्या महिन्यातली, हे आधी सांगा. काळ्या मातीची पांदण वर्षात तीन वेगळ्या वाटा होते. जुलैत तिच्यात पाय टाकला की ती बूट सोडत नाही. एकदा परत येऊन गंमत म्हणून किराणा दुकानाच्या काट्यावर एक बूट ठेवला. 270 ग्रॅमचा बूट चिखलासकट 1 किलो 150 ग्रॅम भरला. दुकानदार म्हणाला, "माती इकता का?" तुराटीने तळवे खरवडत बसलो आणि तोवर ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मे महिन्यात हीच माती तहानेने फाटते, टाच सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात. माझा डावा घोटा अशाच एका भेगेत गेला होता, पुढचे पंधरा दिवस मी एका पायावर भार टाकून तिकिटं काढली. शिवाय उपटायची राहून गेलेली पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) खुंटं, ती बुटाचा तळ फोडून वर येतात.

आणि मग जानेवारी. बंड्यांच्या चाकांनी ढेकळं दळून दळून मऊ झालेली, वरून दवाने बसलेली माती. पाय पडला की आवाज येत नाही. घड्याळ मात्र तिथं काही कामाचं नाही. चाकोरी जिथं वळेल तिथं वळायचं, खड्डा दिसला की पाऊल आखडायचं. डांबरी रस्त्यावर मी डेपोचा विचार करत धावतो. पांदणीवर फक्त पुढच्या तीन हातांचा.

अर्थात अंधारात पांदणीवर आपण एकटे नसतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक खातात म्हणून शेतकरी रात्रभर जागलीला असतात, धुऱ्यावर झटका मशीनच्या तारा असतात. त्यामुळे धुरा ओलांडून शॉर्टकट मारायचा नाही, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम एका जागलीवाल्या आजोबांनी शिकवला. तुरीच्या वावराजवळून मी धापा टाकत चाललो होतो. मचाणावरून बॅटरीचा झोत आला, मागोमाग एक गोटा, तो कानाजवळून गेला. "कोन हाय बे?" मी ओरडलो, "डुक्कर नाही जी, कंडक्टर हाय!" खाली येऊन त्यांनी मला नीट पाहिलं. "कोनी मागं लागलं का?" नाही म्हटलं. "मंग काहून धावून राहिले?" ह्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. तेव्हापासून जागल दिसली की मी लांबूनच तोंडाने डबल बेल देतो.

पावसाळ्यात पांदण बंद, तेव्हा दारव्ह्याकडे मुक्काम असला तर शकुंतलेच्या रुळांवर जातो. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आपली छोटी गाडी, रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, इंग्रजांनी कापूस मुंबईला न्यायला टाकलेली. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर होती. आता काही वर्षांपासून बंदच. भराव उंच, म्हणून पाणी साचत नाही. पण दोन स्लीपरांमधलं अंतर माझ्या पावलापेक्षा कमी, त्यामुळे नवरीसारखं तुरुतुरु धावावं लागतं. मध्येच बाभूळ उगवलेली असते. माझे वडील म्हणायचे की चालत्या शकुंतलेतून उतरून लोक पुन्हा चढायचे. त्या हिशेबाने मी तिला दोन-चार किलोमीटर तरी सोबत दिली असती.

2018 साली राळेगावकडची ड्युटी होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-1 वाघीण, पेपरवाल्यांची अवनी, त्याच भागात फिरत होती. गावं सातलाच दारं लावायची. तेव्हा मी गाडीभोवती धावलो. एका फेरीला तीसेक मीटर, शंभर फेऱ्या; ड्रायव्हर केबिनमध्ये बसून मोजायचा आणि मधूनच मुद्दाम वीस खायचा. 2 नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. त्यानंतर बाहेर रस्त्यावर जायला हरकत नव्हती, तरी मी आठवडाभर गाडी सोडली नाही.

मुंबईची मॅरेथॉनही एकदा केली. 42.195 किलोमीटर, समुद्रावरचा पूल, शेवटी पाय संपलेले असताना पेडर रोडचा चढ. लोक अनोळखी माणसाला टाळ्या वाजवतात आणि संत्र्याच्या फोडी देतात, म्हणजे आमचीच संत्री. पण ती हवा मला जमली नाही. आपल्याकडे मे महिन्यात घाम दिसतसुद्धा नाही, उडून जातो आणि बनियनवर फक्त मीठ राहतं; उडताना अंगातली गरमी घेऊन जातो. मुंबईत जानेवारीतही तो नुसता निथळत राहिला, अंग काही निवलं नाही. वेळ चार तास अकरा मिनिटं. पदक आईच्या देवघरात आहे, का ते तिलाच ठाऊक.

गेल्या महिन्यात त्या आजोबांच्या गावी पुन्हा मुक्काम लागला. चारला निघालो तर पांदण नव्हती. म्हणजे होती, पण धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेली. बाभळी गेलेल्या. पुढल्या पावसाळ्यात त्यांची बंडी चिखलात फसणार नाही, वेचलेला कापूस डोक्यावर वाहून आणावा लागणार नाही, हे मलाही कळतं. मी डबल बेल दिली. मचाणावरून बॅटरी लागली.

"आता तं तुमाले मस्त झालं, नाही का जी?"

मी हो म्हटलं.