पाळीआधीची साखर

मला टाइप १ मधुमेह आहे, आणि पाळी येण्याच्या चार-पाच दिवस आधी सकाळची उपाशीपोटीची साखर नेहमीच्या ११० ऐवजी १७०-१८० दिसू लागते, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. तोवर मी रात्रीच्या जेवणालाच दोष देत राहिले.

बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि त्या काळात अनेक जणींमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे तेच जेवण आणि तोच डोस असूनही साखर चढलेली राहते. पाळी सुरू होताना हे संप्रेरक झपाट्याने खाली येते. तेव्हा वाढवलेला डोस तसाच ठेवला, तर साखर एकदम उतरू शकते. माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. एकदा पाळीच्या दुसऱ्या रात्री मी घामाने भिजून जागी झाले, हात थरथरत होते आणि ग्लुकोमीटरवर ५८ आकडा होता. १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्यानंतर मी सलग तीन महिने पाळीच्या तारखा आणि साखरेचे आकडे एकाच वहीत लिहिले, आणि ती वही पाहूनच डॉक्टरांनी त्या दिवसांपुरता बेसल (दिवसभर संथपणे काम करणाऱ्या) इन्सुलिनचा डोस थोडा वाढवून, पाळी सुरू होताच तो पूर्ववत करायला सांगितले. प्रत्येकीचे चक्र वेगळे असते, काहींच्या साखरेत फरक पडतही नाही, म्हणून माझा डोस कोणी उचलू नये. वही मात्र जरूर ठेवावी.