एकच कागद दोनदा

मागच्या वर्षी मला कॉलेजातून एक वर्षाची सबॅटिकल मिळाली. कॉलेजच्या बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते, यूजीसीच्या 2018 च्या नियमांत असं आहे की असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसर म्हणून सात वर्षं झालेल्या कायम शिक्षकाला अभ्यास-संशोधनासाठी एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष आणि अख्ख्या नोकरीत मिळून दोन वर्षं अशी रजा मिळू शकते, पूर्ण पगारी. "मिळू शकते" हे नीट वाचा. आधी काय करणार त्याचा आराखडा द्यायचा, तो मंजूर व्हायला हवा, तुमचे तास घ्यायला सीएचबीवर (म्हणजे तासांच्या हिशेबाने पैसे घेऊन) कुणीतरी मिळायला हवं, आणि हे सगळं जुळेपर्यंत माणूस रिटायर होतो. माझ्या ओळखीच्या किती तरी चांगल्या शिक्षकांना ती कधीच मिळाली नाही. त्यामुळे हातात पत्र आलं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. बावीस वर्षं शिकवून झाली होती आणि त्यातली दहा वर्षं एक पुस्तक डोक्यात होतं.

विषय कात्रजचा नळ. पुण्यातल्या लोकांना निदान ऐकून माहीत असतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला, नुसत्या उतारावर पाणी चालत यायचं आणि वाटेत पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. फडके हौद, बदामी हौद ही नावं आपण आजही पत्ता सांगताना घेतो. 1879 ला खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि शहराची तहान हळूहळू तिकडे वळली. नळ कुणी बांधला यावर बरंच लिहिलं गेलंय. मला लिहायचं होतं ते त्याच्या नंतरचं, म्हणजे हा नळ इतकी वर्षं चालू कुणी ठेवला, गाळ कोण काढायचं, दुरुस्तीला कोण यायचं, त्यांना पैसे कुठून आणि किती मिळायचे.

1 जुलैला रजा सुरू झाली. मी ठरवलं की आधी चार महिने सगळं वाचून घ्यायचं आणि मग दिवाळीनंतर लिहायला बसायचं. किती शहाणपणाचं वाटतं ना ऐकायला. पुण्यात वाचायला जागांची वाण नाही हीच तर पंचाईत आहे. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाड्यांनी 1910 साली काढलेलं, विद्यापीठात जयकर ग्रंथालय, आणि कौन्सिल हॉलजवळ पुरालेखागार, म्हणजे आपलं पेशवे दप्तर. तिथे कोट्यवधी कागद आहेत. आयुष्य पुरणार नाही इतके. मी रोज जायचे, चिठ्ठी भरून रुमाल मागवायचे (कागदांच्या गठ्ठ्याला तिथे रुमालच म्हणतात, कापडात बांधलेला असतो म्हणून), मोडी वाचायचे, वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी दमून पण खूश होऊन घरी यायचे. दिवाळीपर्यंत सात दोनशेपानी वह्या भरल्या होत्या. पुस्तकाचं एकही पान लिहिलेलं नव्हतं.

मग तो दिवस. तुळशीचं लग्न होऊन दोन-तीन दिवस झाले होते, बुधवार होता. सकाळी पावणेआठला कॉलेजातून फोन. "मॅडम, तुम्ही सध्या घरीच आहात ना, नॅकचा क्रायटेरिया थ्रीचा डेटा तेवढा बघून द्याल का, तुम्हालाच माहितीये तो." नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था आणि क्रायटेरिया थ्री म्हणजे त्या मूल्यांकनातला संशोधनाचा भाग. संशोधनासाठी रजा दिलेल्या माणसाकडून संशोधनाची फाईल भरून घ्यायची, हे मला तेव्हा लक्षातही आलं नाही, मी हो म्हटलं आणि साडेअकरापर्यंत एक्सेल भरत बसले. असे फोन जुलैपासून येतच होते आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते, कारण पगार चालू आहे आणि आपण शिकवत नाहीये याचं एक ओझं मनावर असतंच. घरातही तेच, सासूबाईंना बँकेत नेणं, सिलेंडरवाला, सोसायटीची मीटिंग, "तू आहेसच ना घरी". कुणाचाच वाईट हेतू नव्हता. पण त्या चार महिन्यांत माझ्या सकाळी कुठे गेल्या विचारलं तर अशा गेल्या.

दुपारी बाराला दप्तरात पोचले. त्या दिवशीच्या रुमालात एक कागद मिळाला आणि माझे हात थरथरायला लागले. लांबट कागद, कडा खाल्लेल्या, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग. हौदाच्या दुरुस्तीचा हिशेब. गवंडी इतके, बेलदार (दगड-मातीचं काम करणारे) इतके, दिवस इतके, रोजमुरा (म्हणजे मजुरी) इतका. मला नेमकं हेच हवं होतं. मोडी ज्यांनी वाचलेली नाही त्यांना सांगते, त्यात आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि मग त्या रेघेला लटकवत एका दमात लिहीत जातात, शब्द कुठे संपला हे आपणच शोधायचं, र्‍हस्व-दीर्घ असा भेदच नाही. वर साल अरबी शब्दांत, म्हणजे खमसैन मया व अलफ असं लिहिलं असेल तर पन्नास, शंभर आणि हजार, मिळून 1150, त्यात 599 मिळवायचे की इसवी सन 1749 येतं, तेही मृगापासून सुरू होणारं साल. तर एका शब्दावर मी अर्धा तास अडले. सारखं "जुना" असं दिसत होतं. जुना काय? पुढे रक्कम होती. मग वरच्या ओळीतली रक्कम आणि एकूण बेरीज मांडून बघितली आणि एकदम उलगडलं की तो "चुना" आहे, चुन्याचा खर्च! इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावर एक पीएचडीचा मुलगा बसला होता त्याला मी उठून दाखवलं. पूर्ण कागद उतरवायला चार वाजले.

रात्री जेवणं झाल्यावर वाटलं, हौदांच्या दुरुस्तीचं अजून काय काय आपल्याकडे आहे ते एकत्र बघू. सगळ्या वह्या जमिनीवर मांडल्या. दुसऱ्या वहीत, 6 ऑगस्टच्या पानावर, तोच कागद होता.

तोच. गवंडी तितकेच, बेलदार तितकेच. रुमालाचा नंबर तोच. माझ्याच अक्षरात. आणि मधोमध एका शब्दावर मी "जुना" लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, मग ते खोडून वर "चुना" लिहिलं होतं आणि समासात बेरीज करून पाहिली होती. म्हणजे ऑगस्टमध्येही मी त्याच शब्दावर अडले होते, तशीच सुटले होते, बहुतेक तितकाच आनंद झाला होता, आणि साडेतीन महिन्यांत ते सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग, हेसुद्धा लिहिलेलं.

मला घाम फुटला. पहिला विचार हाच आला की माझ्या स्मरणशक्तीला काहीतरी झालंय, आईला शेवटी झालं होतं तसं. मुलगी बाहेरून म्हणाली, "आई, झोपायचं नाही का?" मी दारच उघडलं नाही. रात्री एक वाजेपर्यंत त्या वह्या चाळत होते आणि हळूहळू लक्षात आलं की आजार वगैरे काही नाही. बाकी वह्यांतलं मला असंच अर्धवट आठवत होतं. पण जो एक मुद्दा मी जूनमध्ये आराखड्यात लिहिला होता, हौदांवरच्या पाण्याच्या भांडणांचा, त्याच्याशी जुळणारे सगळे कागद मला जवळजवळ तोंडपाठ होते. नंबरासकट. कारण तो मुद्दा लिहून झालेला होता, त्या कागदांना बसायला जागा होती. चुन्याच्या कागदाला बसायला जागाच नव्हती, तो आला आणि निघून गेला.

मला इतिहासकार गो. स. सरदेसाई, म्हणजे रियासतकार, आठवले. याच दप्तरातून त्यांनी 45 खंड काढले, 1930 ते 1934 या एवढ्याशा काळात. विद्यार्थ्यांना मी हे इतकी वर्षं सांगत आलेय, आकडा सांगायचा आणि वर्गाने तोंडात बोट घालायचं. त्या रात्री मी त्या खंडांच्या नावाकडे नीट पाहिलं, पेशवे दप्तरातून निवडलेले कागद. निवडलेले! सगळं वाचून होईपर्यंत थांबले असते तर एकही खंड निघाला नसता.

तेव्हाच लॅपटॉप उघडला आणि त्या एका कागदापासून सुरुवात केली. हौद गळत होता, गवंडी आले, चुना आणला. दुसऱ्याच वाक्याला अडले कारण चुना कुठून यायचा हे मला माहीत नव्हतं. जुलैतली मी असते तर उठून पुस्तकं शोधायला गेले असते. या वेळी चौकटी कंसात "चुना कुठून?" लिहिलं आणि पुढे गेले. बेलदार कुठल्या पेठेत राहायचे? कंस. रोजमुरा धान्यात की रोख? कंस. अडीच वाजेपर्यंत दोन पानं झाली आणि त्यात अकरा कंस होते. ती दोन पानं चांगली नव्हती पण ते अकरा कंस म्हणजे चार महिन्यांत पहिल्यांदा मला नक्की काय शोधायचंय ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना पत्र दिलं, फोनवर नाही, लेखी. रजा मंजूर आराखड्यावर मिळाली आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे, 30 जूनपर्यंत कॉलेजचं इतर काम करता येणार नाही. विभागात दोन आठवडे जरा अबोला होता. ते काम दुसऱ्या कुणीतरी केलं आणि व्यवस्थित केलं. ज्यांना अशी रजा मिळणार असेल त्यांना मी कळकळीने सांगेन की हे पत्र पहिल्याच दिवशी द्या, मी साडेचार महिने उशीर केला. घरीही सगळ्यांना बसवून सांगितलं, सकाळी साडेसहा ते दहा मी घरी नाही असं समजा. सासूबाईंनी सगळ्यात आधी मनावर घेतलं, कुणी हाक मारली तर त्याच म्हणायच्या, "ती कामावर गेलीये."

सकाळी लिहायचं, पाचशे शब्द, बास. दुपारी दप्तर, पण कंसातला प्रश्न असेल तरच. पूर्वी मी चिठ्ठीवर चार-पाच रुमाल मागायचे, आता एक किंवा दोन. दर शनिवारी झालेली पानं सोलापूरच्या मैत्रिणीला पाठवायचे, ती फिजिक्स शिकवते, तिला पेशवाईशी काही देणंघेणं नाही. तिचं काम एवढंच की जिथे कंटाळा येईल तिथे खूण करायची. पहिल्या प्रकरणात तिने इतक्या खुणा केल्या की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, मग अर्धं प्रकरण काढून टाकलं. जानेवारीत भाच्याचं लग्न आणि मार्चमध्ये सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तेव्हा शनिवार कोरे गेले. ते जातातच.

30 जूनला आठातली सहा प्रकरणं कच्ची लिहून झाली होती. सातवं-आठवं आता रविवारी लिहिते, तास-जर्नल-पेपर तपासणी सांभाळून, त्यामुळे हळू चाललंय पण चाललंय. चुन्याचा कागद तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. त्याची तळटीप देताना रुमालाचा नंबर दोन्ही वह्यांतून ताडून घेतला.

त्या रात्रीच्या अकरा कंसांपैकी दहा भरले. एक अजून तसाच आहे, पहिलाच. चुना कुठून यायचा, भट्टी कुठे होती, घाणीवर मळून तयार चुना गाडीतून यायचा की कामाच्या जागीच मळायचे, हे त्या कागदात नाही आणि मला दुसरीकडेही सापडलं नाही. पेठांत ज्यांचं जुनं घर आहे किंवा ज्यांच्या घरात चुन्याचा नाहीतर गवंडीकामाचा धंदा होता त्यांच्याकडे आजी-आजोबांच्या तोंडचं काही ऐकिवात असेल, एखादं जागेचं नाव, जुनी पावती, अगदी काहीही, तर मला जरूर कळवा.