विंचकमचे चाक आणि फत्तेपुऱ्याची थापटी

इंग्लंडमधील विंचकमच्या पॉटरीत, म्हणजे कुंभारांच्या कारखान्यात, मी सर्वांत जास्त वेळ काय पाहिले असेल, तर जगाला, म्हणजे दूध ओतायच्या मातीच्या भांड्याला, कान (धरायची मूठ) लावण्याचे काम. आदल्या दिवशी चाकावरून उतरवलेले, अर्धवट वाळलेले दुधाचे जग फळीवर रांगेने मांडलेले होते. कुंभाराने गाजराएवढा मातीचा गोळा एका जगाच्या गळ्याशी दाबून चिकटवला, हात पाण्यात बुडवला आणि गाईची धार काढावी तशी ती माती वरून खाली हलक्या हाताने ओढायला सुरुवात केली. प्रत्येक ओढीबरोबर मातीची पट्टी लांब, पातळ आणि मध्ये किंचित खोलगट होत गेली. सात-आठ ओढींनंतर त्याने तिचे खालचे टोक वळवून जगाच्या पोटाशी अंगठ्याने दाबले. अंगठ्याचा तो ठसा त्याने पुसला नाही, आणि मला वाटते तो ठसाच त्या जगाची सर्वांत सुंदर जागा होती. कान बाहेरून आणून लावल्यासारखा दिसत नव्हता, तो जगाच्या अंगातूनच फुटला होता.

वडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये, ज्या सिरॅमिक्स विभागात ज्योत्स्ना भट्ट यांनी अनेक वर्षे शिकवले तिथे, मीही कान ओढायला शिकले होते. परंतु ते काम एकामागून एक तीस जगांवर, न थांबता, न अडखळता होताना मी प्रथमच पाहत होते. पाहता पाहता असेही मनात आले की आपल्या मडक्याला कान नसतो. आपली घागर कमरेवर किंवा डोक्यावर चुंबळीवर बसते, तिचा गळाच तिची मूठ असते आणि तिचा तळ गोल असतो, कारण तिला टेबल ठाऊक नसते. इंग्रजी जग टेबलासाठी जन्मलेला असतो, म्हणून त्याला सपाट बूड आणि कान हवा.

गेल्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला भाचीकडे तीन आठवडे राहिले, तेव्हा तिने तिच्या गाडीतून मला इंग्लंडमधल्या या कुंभारकीच्या गावांमधून फिरवले. दोन्ही बाजूंनी झुडपांची उंच कुंपणे असलेले अरुंद रस्ते, मधाच्या रंगाच्या दगडाची घरे आणि उतारावर चरणारी मेंढरे हे सर्व मनोहर होतेच. पण माझे लक्ष रस्त्याच्या कडेला खणलेल्या मातीच्या रंगाकडेच अधिक जात होते.

पहिला मुक्काम वॉरिकशायरमधील व्हिचफर्ड हा होता. जिम कीलिंग यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या पॉटरीत बागेच्या कुंड्या आजही हातानेच चाकावर घडवल्या जातात, आणि थंडीने कुंडी फुटणार नाही याची दहा वर्षांची हमी दिली जाते. या हमीमागचे कारण समजले तेव्हा मला फार आनंद झाला. भाजलेल्या मातीच्या छिद्रांत मुरलेले पाणी गोठताना फुगते आणि कुंडीचे पापुद्रे निघतात, म्हणून तिथला कुंभार मातीचे मिश्रण आणि भट्टीची आच अशी राखतो की कुंडीचे अंग घट्ट व्हावे. आपल्या माठाचे नेमके उलट असते. त्याच्या अंगातून पाणी झिरपले पाहिजे, बाहेर येऊन उन्हाळ्याच्या झळेत उडून गेले पाहिजे, तरच आतले पाणी गार राहते. वडोद्यात ज्या माठाला आपण उत्तम म्हणू, तो व्हिचफर्डच्या पहिल्याच हिवाळ्यात तडकेल.

इंग्लंडमध्ये पूर्वी कुंड्यांची मापे कशी मोजत, हेही मला याच प्रवासात समजले. ठरलेल्या वजनाच्या मातीतून जितक्या कुंड्या निघत, तो आकडाच त्या कुंडीचे नाव होई. साठ निघाल्या तर ती ‘साठ’ची कुंडी, अठ्ठेचाळीस निघाल्या तर ‘अठ्ठेचाळीस’ची, म्हणजे आकडा जितका लहान तितकी कुंडी मोठी. इंच मोजण्याऐवजी माती मोजणारा हा हिशेब चाकावर बसलेल्या माणसानेच केलेला असणार. एका कामगाराने भाजलेली कुंडी उचलून तिला बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि ती घंटेसारखी खणखणली, तेव्हा मला थापटी घेऊन संतांची डोकी पारखणारे गोरोबाकाका आठवले. कच्चे-पक्के ओळखण्याची रीत तिथेही तीच आहे.

आता विंचकमविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या प्रवासात माझ्या मनाला लागलेली गोष्ट तिथलीच आहे. ग्लॉस्टरशायरमधील ही जुनी खेडवळ पॉटरी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडली होती. पत्र्याची आणि कारखान्यात साच्यांतून निघालेली स्वस्त भांडी आल्यावर दुधाची मोठी पसरट भांडी, साइडरचे (सफरचंदाच्या दारूचे) बुधले आणि खापराच्या कढया घेणारे गिऱ्हाईक उरले नव्हते. १९२६ मध्ये मायकेल कार्ड्यू नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने ती जागा भाड्याने घेतली. तो ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन शिकलेला होता, डेव्हनमधील ब्राँटन येथे फिशली हॉलंड या कुंभाराकडे चाक शिकला होता आणि कॉर्नवॉलमधील सेंट आयव्ह्जला बर्नार्ड लीच या नामवंत इंग्रज कुंभाराचा पहिला विद्यार्थी म्हणून तीन वर्षे राहिला होता. एवढे शिक्षण पदरी असूनही त्याने पहिले महत्त्वाचे काम कोणते केले, तर त्याच पॉटरीत पूर्वी चाकावर बसणाऱ्या एलायजा कम्फर्ट या वयस्कर कुंभाराला पुन्हा कामावर बोलावले. पुढच्याच वर्षी सिडनी टस्टिन हा गावातला मुलगा आला. तांबड्या मातीवर पातळ पांढऱ्या मातीचा घोळ चढवून, त्यावर बोटाने किंवा फणीने रेघा ओढायची सतराव्या शतकातील इंग्रजी पद्धत त्यांनी पुन्हा रोजच्या वापरात आणली. स्वयंपाकघरात खरोखर वापरता येतील, साध्या माणसाला परवडतील अशीच भांडी घडवायची, हा कार्ड्यूचा आग्रह होता. १९३६ मध्ये रे फिंच तिथे आले, १९४६ मध्ये त्यांनी ती पॉटरी विकत घेतली आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे नाव तिच्याशी जोडलेले राहिले. बाटलीच्या आकाराची जुनी विटांची भट्टी अंगणात अजून उभी आहे. तिच्या विटांवर हात ठेवून मी बराच वेळ थांबले होते.

कॉर्नवॉलला आम्ही रेल्वेने गेलो. सेंट अर्थ स्थानकावर गाडी बदलून, समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या छोट्या गाडीने सेंट आयव्ह्जला पोहोचतो. या सेंट अर्थच्या परिसरातलीच माती लीच आणि त्यांचे जपानी कुंभारमित्र शोजी हामादा यांनी वापरायला घेतली होती, हे आठवून मी फलाटावरून दूरवर पाहत राहिले. दोघांनी १९२० मध्ये तिथे पॉटरी उभारली आणि उतारावर चढत जाणारी जपानी पद्धतीची तीन दालनांची भट्टी बांधली, जी पाश्चात्त्य जगातील अशी पहिली भट्टी मानली जाते. खालच्या दालनातली आच वरच्या दालनात शिरते आणि तिथली भांडी आधीच तापवून ठेवते, असा तिचा कारभार असे. आता ती पेटत नाही, पण काही वर्षांतच नव्याने बांधलेली तिची काळवंडलेली दालने पाहता येतात. इंधनाचे लाकूड जिथे मुबलक नाही, अशा किनाऱ्यावर लाकडाची भट्टी बांधणे शहाणपणाचे नव्हते, असे माझे मत आहे. तरीही ते सर्व पाहून मान आदराने झुकते.

परत आल्यापासून एलायजा कम्फर्ट माझ्या मनातून गेलेला नाही. इंग्लंडमध्ये खेड्यातली कुंभारकी जवळजवळ संपली होती, आणि ती टिकली याचे एक कारण असे की शिकलेली माणसे अखेरच्या जुन्या कारागिरांच्या शेजारी जाऊन बसली. वडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारापासून फत्तेपुऱ्याचा कुंभारवाडा लांब नाही. तिथे चाक कधीच थांबलेले नाही. संक्रांतीची सुगडे आई तिथूनच आणत असे आणि नवरात्रात गरब्याचे छिद्रांचे घट तिथेच रंगतात. पाच वर्षे सिरॅमिक्स शिकूनही मी तिथे गिऱ्हाईक म्हणूनच गेले होते, शिकायला म्हणून एकदाही गेले नव्हते.

यंदा सुगडे आणायला गेले तेव्हा कुंभारकाकांना मी कान ओढण्याचे चित्रण मोबाइलवर दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि विचारले, ‘‘आमां पाणी ठंडुं रहे?’’ राहत नाही, त्यावर काचेसारखा लेप असतो, असे मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि स्वतःचे काम पुढे चालू केले. ते पाहताना मला जाणवले की आपले मडके चाकावर अर्धेच होते. चाकावरून उतरते तेव्हा त्याचे अंग जाड आणि बूड उघडे असते. नंतर आतून दगडी गोळा धरून, बाहेरून थापटीने ठोकत, मडके फिरवत फिरवत त्याचा तळ मिटवतात. वाढत्या पोटाबरोबर भिंत पातळ होत जाते आणि थापटीचा आवाज बदलत जातो.

मी त्यांच्याकडे शिकायला येऊ का, असे विचारले. आता दर गुरुवारी सकाळी जाते. पहिल्या तीन खेपांना माझा तळ फाटला, कारण आतला गोळा आणि बाहेरची थापटी एकाच जागी येत नव्हती. चौथ्या खेपेला तो मिटला. काकांनी ते मडके उचलून कानाशी धरले, दोन जागी पुन्हा ठोकले आणि उन्हात बाकीच्यांच्या रांगेत ठेवले. आव्यात जागा उरली तर हेही भाजू, असे ते म्हणाले.