गडहिंग्लजकराचे हरीण

अमेरिकेतून परत आल्यापासून कोल्हापुरात आमच्या तिरंदाजीच्या मैदानावर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "पाडलंस का?" हरीण मी पाडले नाही, माझ्या मित्राने पाडले. मी त्याच्याबरोबर होतो, माझ्याजवळ माझे धनुष्य होते, परवाना होता, आणि त्याच दिवशी सकाळी एक मादी माझ्या टप्प्यात येऊन निघूनही गेली होती. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याचा निम्मा उत्साह मावळतो. मला मात्र सांगावेसे वाटते ते बाण सुटण्याच्या आधीचे आणि नंतरचे, कारण धनुष्याच्या शिकारीत बाण सोडण्याइतके थोडक्यात आटोपणारे दुसरे काम नाही.

आधी कायद्याचे बोलून घेतो, म्हणजे कोणाच्या डोक्यात भलते काही येणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि अभयारण्यात शिकार करणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कोल्हापूरचा शिकारीशी संबंध जुना आहे. संस्थानच्या काळात येथे पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, आणि नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. ज्या दाजीपूरच्या रानात छत्रपतींच्या शिकारी होत, तेच रान १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झाले आणि आज ते ३५१ चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. त्या रानात सांबर आहे, भेकर आहे, पिसोरीही आहे. तेथे धनुष्य घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

मी शिकायला होतो ते विस्कॉन्सिन राज्य, आणि तेथली परिस्थिती नेमकी उलटी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार शिकारीमुळे जवळजवळ संपत आली होती. मग कायदे झाले, मोसम ठरले, परवाने आले, आणि हरणे अशी वाढली की आज एकट्या विस्कॉन्सिनमध्ये ती दहा लाखांहून अधिक आहेत. त्यांना खाणारे लांडगे राज्याच्या दक्षिण भागात नसल्यासारखेच, त्यामुळे मका, सोयाबीन आणि रस्त्यावरच्या मोटारी यांचा हरणांशी रोज सामना होतो. फक्त धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा वेगळा मोसम आधुनिक काळात अमेरिकेत पहिल्यांदा सुरू केला तो याच राज्याने, १९३४ मध्ये. बंदुका-काडतुसांवरच्या अबकारी कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी वापरण्याचा तेथला कायदा १९३७ चा आहे, आणि त्यात धनुष्यबाणांची भर पडली ती १९७२ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी आपण शिकार रोखणारा कायदा केला, त्याच वर्षी त्यांनी तिरंदाज शिकाऱ्याकडून वन्यजीवांसाठी पैसे घ्यायचे ठरवले. दोन्ही निर्णय मला आपापल्या जागी बरोबर वाटतात.

माझा मित्र गडहिंग्लजचा. घरी म्हशी, स्वतः दुग्धशास्त्र शिकायला गेलेला, त्यामुळे राज्याच्या राजधानीच्या, मॅडिसनच्या, पश्चिमेकडच्या गोठेवाल्या शेतकऱ्यांत त्याचे नाव झाले होते. अशाच एका शेतकऱ्याने त्याला आपल्या रानात बसायची परवानगी दिली आणि शिकार करायला शिकवलेही. मी कोल्हापुरात सत्तर मीटरवर रिकर्व्ह धनुष्य चालवून गेलेला. शहराला नेमबाजीचे वेड, त्यात स्वप्नील कुसळेने राधानगरी तालुक्यातून निघून पॅरिसला ऑलिंपिक पदक मिळवलेले, तेव्हा वीस यार्डांवरचे हरीण ते काय, असा माझा तोरा होता. गडहिंग्लजकराने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "भावा, टार्गेटला नाक नसतंय."

त्या वाक्याचा अर्थ पुढे कळत गेला. हरणाचे डोळे चुकवता येतात, पण नाक चुकवता येत नाही. म्हणून मचाण कोठे बांधायचे हे झाडावर ठरत नाही, वाऱ्यावर ठरते. सकाळी ऊन चढू लागले की हवा उताराने वर सरकते आणि संध्याकाळी गारवा उतरला की ती ओढ्याकडे खाली वाहू लागते. त्यामुळे सकाळचे मचाण उताराच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळचे खालच्या अंगाला, म्हणजे आपला वास जनावराच्या वाटेवर जात नाही. कपडे बिनवासाच्या साबणाने धुतलेले असतात आणि फोडणीच्या स्वयंपाकघरापासून लांब ठेवलेले असतात. आमच्या खोलीत हे किती अवघड होते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यातला एक नियम असा की जनावर आणि त्याच्या पलीकडचे सगळे स्पष्ट दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही. नुसत्या आवाजावर किंवा हालचालीवर तर मुळीच नाही. हा धडा वाचताना मला दशरथ आणि श्रावणबाळ आठवणे साहजिकच होते. पाणी भरणाऱ्या घड्याच्या आवाजावर बाण सोडणाऱ्या राजाची गोष्ट आपण पितृभक्तीची म्हणून मुलांना सांगतो, पण शिकाऱ्याने ती सुरक्षिततेची म्हणून ऐकावी. धनुष्याचा खेच किमान तीस पौंडांचा आणि बाणाचे पाते किमान सात-अष्टमांश इंच रुंद व धारदार हवे, असेही तेथले नियम आहेत. पात्याची धार वस्तऱ्यासारखी असते, कारण बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने जाते. म्हणूनच तो फुप्फुसांतून गेला पाहिजे. खांद्यामागची साधारण ताटाएवढी जागा, आणि तीही हरीण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असतानाच मोकळी असते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर माद्यांच्या मागे लागतात आणि दिवसाही फिरतात, म्हणून शिकारी त्याच दिवसांची वाट पाहतात. (हरणांच्या मीलनसमयी बाण सोडून पंडूने काय ओढवून घेतले, हे आईने फोनवर आठवण करून दिले होते.) आम्ही पहाटेच्या अंधारात ओकच्या दोन वेगवेगळ्या झाडांवर चढलो. चढायच्या आधी कमरेचा व खांद्यांचा पट्टा झाडाला बांधलेल्या दोरीत अडकवायचा, कारण या छंदात लोक जखमी होतात ते बहुतेक झाडावरून पडून. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून शिकारीला मुभा असते. त्याआधीचा काळ नुसता थंडीचा असतो. हिवाने बोटे वाकेनाशी झाली, तेव्हा खाली वाळलेल्या पानांत खसखस झाली, आणि ती खार निघाली. खारीचा आवाज हरणापेक्षा मोठा असतो, हे कोणी सांगून पटत नाही.

मादी आली तेव्हा आवाजच झाला नाही. ती ओढ्याच्या कडेने वर आली, ओकची फळे हुंगत सरळ माझ्याकडे तोंड करून थांबली. अंतर अठरा यार्ड. मैदानावर त्या अंतरावरून मी डोळे झाकून नेम मारीन असे म्हणण्याची पद्धत आहे. पण समोरून उभ्या हरणाच्या छातीचे हाड आणि दोन्ही खांदे फुप्फुसांच्या आड असतात. तिने डोके झाडामागे नेले तेव्हा मी धनुष्य खेचले. शिकारीसाठी माझ्याजवळ होते त्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चक्रे असलेल्या धनुष्यात पूर्ण खेचल्यावर वजनाचा मोठा भाग चक्रे उचलतात, तरी दोन-अडीच मिनिटांनी दंड थरथरू लागतोच. ती वळली, पण झुडपाआड वळली. पाय दिसत होते, कान दिसत होते, खांद्यामागचे काही दिसत नव्हते. तशीच ती चालत गेली आणि मी धनुष्य हळूहळू सैल सोडले. मला त्यात हुकल्यासारखे काही वाटले नाही. उलट, सत्तर मीटरवर वर्षानुवर्षे पिवळ्या वर्तुळात बाण घालून जो संयम शिकलो असे मला वाटत होते, तो खरोखर वापरण्याची वेळ तेव्हा पहिल्यांदा आली.

संध्याकाळी गडहिंग्लजकराच्या मचाणाखाली दुसरी मादी आडवी उभी राहिली. वीस यार्डांवर बाण पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, पण प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो, आणि सावध हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते. म्हणून तो तिने मान खाली घालून खायला लागेपर्यंत थांबला होता. मी दूरवरून फक्त एक ठक्क ऐकली आणि पांढरी शेपटी मक्याच्या कापलेल्या रानाकडे जाताना पाहिली.

त्यानंतर आम्ही काय केले? काही नाही. अर्धा तास बसून राहिलो. लगेच मागे गेले तर जखमी जनावर उठून मैलभर पळते. अंधार पडल्यावर उतरलो आणि आधी बाण शोधला. तो जमिनीत रुतलेला होता, आणि पिसांवर फेसाळ गुलाबी रक्त होते. फेस म्हणजे फुप्फुस. रक्त गडद काळपट असते तर यकृत, आणि हिरवट घाण वास येत असता तर आतडे. तसे असते तर आम्हाला रात्रभर थांबून सकाळी माग काढावा लागला असता. कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात एक जण शेवटच्या थेंबाशी उभा राहायचा आणि दुसरा पुढचा थेंब शोधायचा. पानांच्या खालच्या बाजूला, गवताच्या काडीवर हरणाच्या पोटाच्या उंचीला, असे ते थेंब सापडत गेले. मादी शंभरेक पावलांवर पडलेली होती. गडहिंग्लजकर वाकला, तिच्या डोळ्याला काडी लावून पाहिली, आणि मग काही क्षण टोपी काढून उभा राहिला. बोलला काहीच नाही. मीही विचारले नाही.

पोट तेथेच उघडावे लागते, कारण अंगातली ऊब मांस नासवते. कोल्हापुरात दर रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणारी आम्ही माणसे, "नळी घाला, चरबी कमी" एवढेच सांगणारी. तेथे मात्र कातडीखाली दोन बोटे घालून, त्यांच्या मधून सुरीचे टोक वर धरून चालवावे लागते, म्हणजे आतड्याला भोक पडत नाही. मी पाय धरून होतो. वाफ निघत होती आणि हात कोपरापर्यंत गरम झाले होते. मटण खायचे तर हे एकदा तरी करून पाहावे असे मी म्हणणार नाही, पण मी केले ते बरे झाले असे मला वाटते.

शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे करावी लागते; ती आम्ही रात्रीच फोनवर केली. खरे थांबणे तर पुढे होते. विस्कॉन्सिनच्या त्या भागात २००२ मध्ये हरणांच्या मेंदूचा एक रोग आढळला, सीडब्ल्यूडी नावाचा. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि शिजवल्याने ते प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी रोगट हरणाचे मांस खाऊ नये असा सल्ला आहे. म्हणून डोके चिठ्ठी लावून तपासणीच्या पेटीत ठेवायचे, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. गडहिंग्लजकर रोज सकाळी दात घासण्याआधी निकाल पाहायचा.

रोग नाही असे कळले त्या शनिवारी बेत ठरला, आणि लगेच अडचण आली. पाठीचा कणा आणि मेंदू टाळावा म्हणून आम्ही मांस सगळे हाडांवरून सोडवले होते, मग आळणी, म्हणजे पांढऱ्या रश्श्याला लागणारे हाडामांसाचे बिनतिखट पाणी, कशाची काढणार? पांढरा रस्सा तेथेच रद्द झाला. तांबड्याचीही गंमत झाली: हरणाच्या मांसात चरबी नसल्यातच जमा, आणि जी असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून ती काढून टाकलेली. घरून आलेला कांदा-लसूण मसाला पडला, पण वर तर्री काही येईना. शेवटी तेल दुप्पट केले. मागच्या पायाचे मांस सुक्क्याला उत्तम झाले, पुढच्या पायाचा खिमा केला आणि पाठीच्या दोन्ही लांब पट्ट्या शेतकऱ्याच्या घरी पोहोचवल्या. त्याच्या बायकोने त्या लोण्यात नुसत्या मिठा-मिरीवर परतल्या आणि आम्हालाही बसवून वाढल्या. आमच्या सुक्क्यापेक्षा त्या चांगल्या झाल्या होत्या, हे गडहिंग्लजकर अजून कबूल करत नाही.