म्हापशाचे बॉक्स : आमची वाटचाल

२०२३च्या ऑक्टोबरात डीजे गोवा गिल वारला तेव्हा पेपरात, मोबाइलवर खूप लिहून आलं. कॅलिफोर्नियाचा पोरगा १९७०मध्ये गोव्यात आला, हणजुणच्या किनाऱ्यावर रात्र रात्र वाजवत राहिला, त्यातून गोवा ट्रान्स हे यंत्राच्या ठोक्यावरचं नाचाचं संगीत उभं राहिलं. सगळं खरं. माणूस मोठाच होता. पण एवढ्या लिहिणाऱ्यांपैकी कुणाला एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही की तो आवाज येत कशातून होता? टेप काय, खिशात मावते. आवाज बॉक्समधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून येतो आणि त्या काळात बॉक्स म्हापशातून जायचे. सगळे आमचेच होते असं मी म्हणणार नाही. पण बरेच आमचे होते, आणि भाड्याच्या वह्या माझ्याकडे आहेत.

वडिलांचा धंदा जत्रांचा. पोर्तुगीज असतानाच त्यांनी व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेतले होते. बोडगेश्वराची जत्रा, मिलाग्रीचं फेस्त, बार्देस-पेडण्यातली नाटकं. आमच्याकडे जत्रेचं मराठी नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडता उजाडता संपतं. त्यामुळे चौथ्या अंकात माईक खरखरला तर डोळे न उघडता हात बरोबर वायरीवर जायला हवा, हे शिक्षण मला बाराव्या वर्षी मिळालं.

१९८४च्या जानेवारीत एक बेल्जियन बुलेटवरून दुकानात आला. उन्हातसुद्धा अंगावर काळे कपडे, पायात काळे बूट. आमच्या पोरांनी त्याचं नाव त्याच दिवशी ‘काळोबाब’ ठेवलं. त्याला पार्टीसाठी साऊंड हवा होता. वडिलांनी जत्रेचाच सेट दिला : अहुजाचे दोन ॲम्प्लिफायर, चार कॉलम, चार भोंगे. रात्री मी सोबत गेलो. त्याने दोन वॉकमन प्रो जोडले, एक कॅसेट संपत आली की दुसरी सुरू. किनाऱ्यावर तोवर रॉक चालायचं, ते आम्हाला ठाऊक होतं. हे वेगळंच होतं. लॉराँ, फ्रेड डिस्को या डीजेंची नावं जुन्या माणसांना आठवतील, त्यांनीही त्याच सुमाराला पूर्ण इलेक्ट्रॉनिक वाजवायला घेतलं होतं. काळोबाबकडे जर्मनीचे क्राफ्टवेर्क, त्याच्या गाववाल्यांचं फ्रंट २४२, पोलादाच्या कारखान्यांचं गाव असलेल्या शेफील्डचे कॅबरे व्होल्तेर, अशा बँडांच्या कॅसेट. त्याला ते लोक इंडस्ट्रियल म्हणतात. मला तर करासवाड्याच्या शेडमध्ये पत्रा ठोकतायत असंच वाटलं. गाण्यातले शब्द तो घरी बसून कापून टाकायचा. नुसता ठोका आणि यंत्र. रेकॉर्ड का आणत नाही विचारलं, तर म्हणाला, इथल्या उन्हात तबकडीची पोळी होते.

आणि भोंग्यातून ठोका आलाच नाही. नुसती टिकटिक. भोंगा माणसाच्या आवाजासाठी असतो हो, त्याला खर्ज कुठून येणार? पहाटे काळोबाबने पूर्ण भाडं मोजून दिलं आणि पोटावर हात ठेवून मान हलवली.

इथे आमच्या मिस्त्रीचं सांगायला हवं. धंद्यातला माझा पहिला भागीदार तो, कागदावर कधी नव्हता तरी. काम शवपेट्यांचं आणि देवळाच्या मखरांचं. १९८६च्या पावसाळ्यात काळोबाबने युरोपातून चिठ्ठी पाठवली, त्यात पेन्सिलने काढलेला आतून दुमडलेल्या बॉक्सचा आराखडा. मिस्त्रीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “पात्रांव (मालक), हें कित्याक?” मी म्हटलं, आवाज पोटांत लागूंक जाय. त्याने पुढे एक प्रश्न विचारला नाही. अठरा एमएमचा मरीन प्लाय, प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल, दर तीन इंचांवर स्क्रू, खिळा एकही नाही. पेटी हवाबंद कशी करायची ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. बॉक्स तयार झाल्यावर आत स्पीकर वाजवत ठेवून त्याने सांध्यासांध्यावरून उदबत्ती फिरवली. धूर जिथे थरथरला तिथे खूण, परत फेव्हिकॉल. आजही मी नवा बॉक्स असाच तपासतो. मीटर घेऊन येणाऱ्या पोरांना हसू येतं, येऊ दे.

अठरा इंची स्पीकर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले, जुने, दोन. नोव्हेंबरात मॅटाडोर वागातोरच्या टेकडीपर्यंत गेली, तिथून डिस्को व्हॅलीत आठ माणसांनी बॉक्स खांद्यावरून उतरवले. रात्री बारानंतर पहिला ठोका पडला तेव्हा चटया टाकून बसलेल्या चहावाल्या बायकांचे ग्लास ट्रेमध्ये वाजायला लागले. एकीने मला शिवी दिली, कारण ठोक्याबरोबर तिच्या दिव्याची ज्योत विझत होती. मिस्त्री बॉक्ससमोर उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि घरी निघून गेला. त्याला झोप हवी होती.

पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप आली, १९८७नंतर. कॅसेटच्या अर्ध्या आकाराची टेप, आवाज स्वच्छ. पण डिसेंबरात पहाटे चारला दंव पडायला लागलं की मशीनवर ‘ड्यू’चा दिवा पेटायचा आणि टेप जागच्या जागी थांबायची. दीडेक हजार माणसं अंधारात तशीच उभी. मग चहावालीचा कंदील मागून आणायचा, मशीनपासून वीतभर लांब धरायचा आणि दिवा विझायची वाट बघायची. घाई करून जवळ धरला तर प्लॅस्टिक वाकडं होतं, हे आम्ही एका मशीनवर शिकलो. त्या मशीनवर टेपचा वेग मागेपुढे करता यायचा नाही, म्हणून ठोक्यावर ठोका बसवणं शक्यच नव्हतं. त्या गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी ते लांबलचक वाऱ्यासारखे आवाज असतात ना, त्यामागचं एक कारण हे. अभ्यासक त्यात ध्यानधारणा शोधतात.

१९८८ ते ९५ धंदा चांगला चालला. ९४च्या डिसेंबरात इंग्रज डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसीच्या रेडिओ वनवर गोव्याच्या नावाने दोन तास वाजवलं आणि पुढच्या हंगामात लंडनची पोरं विमानं भरून आली.

त्याच गर्दीच्या दिवसांत, ९६मध्ये, आमच्याकडे आठ वर्षं काम शिकलेला एक पोरगा दुकान सोडून गेला. जाताना गिऱ्हाइकांची यादी नेली आणि बॉक्सची मापं नेली. नाव लिहीत नाही, म्हापशात सगळ्यांना माहीत आहे. मापं बरोबर होती, पण प्लाय त्याने बारा एमएमचा वापरला. बारा एमएममध्ये स्पीकरबरोबर बॉक्सच वाजतो, ठोका गोल न येता ढबढब येतो. भाडं आमच्यापेक्षा निम्मं. पार्टी करणाऱ्यांना पहाटे तीनला गोल काय आणि ढबढब काय. एका हंगामात आमची अर्धी गिऱ्हाइकं तिकडे गेली. काळोबाब गेला नाही. त्याला फुकट देतो म्हणून निरोप गेला होता, तो त्याने मलाच येऊन सांगितला.

आता २००० साल. १४ फेब्रुवारीला केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वस्तीत रात्री मर्यादा ४५ डेसिबल. हणजुणला नुसत्या लाटाच त्याहून मोठ्या वाजतात. पार्टी तर बंदच, पण आमचं नाटकही त्यात सापडलं. दोन वर्षांनी वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सवलत द्यायची तरतूद झाली, म्हणजे पहिला अंक कसाबसा संपणार. वडिलांचा धंदा आणि माझा धंदा एका कागदाने बसले.

त्याच २०००च्या एप्रिलमध्ये हंगामाची शेवटची पार्टी. आयोजकाने परवानगी आहे म्हणून कागद दाखवला. मी तो नीट वाचला नाही, वेळेच्या रकान्यात दहा लिहिलं होतं. रात्री एकला पोलीस आले. आयोजक मागच्या वाटेने पसार, पुढे तो देशातूनच गेला. सापडलो मी आणि माझा साऊंड : आठ बॉक्स, सहा ॲम्प्लिफायर, मिक्सर, केबल. सगळं मुद्देमाल म्हणून जप्त. नेमके त्या रात्री पोलीस त्याच टेकडीवर कसे आले, आणि पलीकडच्या माडाच्या बागेत आमच्या जुन्या पोराची पार्टी उजाडेपर्यंत कशी चालली, यावर मी काही बोलत नाही.

बॉक्स उघड्या आवारात, वर एक फाटकी ताडपत्री. मे गेला. जूनमध्ये पाऊस लागला. मी रस्त्यावरून स्कूटरने जाता-येता कुंपणापलीकडे बघायचो. ऑगस्टमध्ये एका बॉक्सच्या जाळीतून आळंबी उगवलेली दिसली, तेव्हापासून तो रस्ता सोडला. पतसंस्थेचे हप्ते थकले, बायकोच्या पाटल्या गेल्या. कोर्टातून बंधपत्रावर माल सुटायला ऑक्टोबर उजाडला. मिस्त्री सोबत आला होता. त्याने प्रत्येक बॉक्सवर बोटाने टकटक केलं, आठपैकी पाच बाजूला ठेवले. “हे जगतले,” म्हणाला. प्लाय जगला, पण स्पीकरचे कोन, म्हणजे आतले कागदी पडदे, बुरशीने पापडासारखे झाले होते. बारा कोन विकत घ्यायला तेव्हा माझ्याकडे पैसे नव्हते.

नोव्हेंबरात काळोबाब आला. त्याला मी काही कळवलं नव्हतं, चहावालीने कळवलं होतं. दुकानात सुटकेस उघडली तर आत कपडे नव्हतेच. अठरा इंची बारा कोन, वाट्यांसारखे एकात एक बसवलेले, मधे टिश्यू कागद. कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, व्हॉइस कॉइल, मोज्यांत गुंडाळलेल्या. तीन आठवडे आम्ही तिघे मागच्या खोलीत बसलो. ॲसिटोनने जुना गोंद सोडवायचा, चुंबकाच्या फटीतला गंज सेलोटेपने उचलायचा. मग जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या कापून कॉइलभोवती खुपसायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर बसते. माझ्या आईच्या गुडघ्याचा एक्स-रे त्यात संपला. गोंद रात्रभर सुकू द्यायचा, सकाळी पट्ट्या ओढून काढायच्या आणि दोन अंगठ्यांनी कोन हलकेच खाली दाबायचा. खर्र झालं तर सगळं परत. बारांत दोनदा खर्र झालं. पैशाचं विचारलं तर काळोबाब म्हणाला, भाड्यातून वळते करून घे. ते २००५पर्यंत वळते होत होते.

त्यानंतरची वर्षं सरळ गेली. मुलींची लग्नं झाली, मिस्त्री गेला, धंदा लग्नाचे हॉल आणि बंदिस्त क्लबकडे वळला. २००७मध्ये कांदोळीला सनबर्न हे मोठं संगीत फेस्टिव्हल सुरू झालं, तिथे मुंबईहून ट्रक भरून साऊंड यायचा. २०१६मध्ये ते पुण्याला गेलं तेव्हा आम्हाला फरक पडला नाही.

नव्या पोरांनी विचारलं नसलं तरी सांगतो. भाडं आधी घ्या. परवानगीचा कागद स्वतः वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. जनरेटरचा न्यूट्रल तपासल्याशिवाय ॲम्प्लिफायर लावू नका. डीजेने मिक्सरचा लाल दिवा पेटेल इतक्या मोठ्याने वाजवलं तर दोनदा सांगा, तिसऱ्यांदा केबल काढा. कॉइल जळून व्हार्निशचा वास आल्यावर धावून उपयोग नसतो. आणि पावसाळ्यात स्पीकरच्या खोलीत साठ वॅटचा बल्ब चोवीस तास पेटता ठेवा. बिल येतं, पण आळंबी येत नाही.

गेल्या वर्षी परदेशी लोकांनी गोव्यातल्या पार्ट्यांवर फिल्म केली. त्यात आमचा जुना पोरगा, आता केस पांढरे, बारा एमएमच्या बॉक्सवर हात ठेवून सांगतो की किनाऱ्यावर पहिला खर्जाचा बॉक्स त्याने नेला. साल सांगतो १९८६. तेव्हा तो म्हापशात चौथीत होता. फिल्मवाले माझ्याकडे आलेच नाहीत. ८६ची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, पान तेविसावं : वागातोर, बॉक्स दोन, डिझेल, हमाल आठ, मिस्त्रीची सही. ज्याला बघायची असेल त्याने दुकानात यावं. शुक्रवारी नको, बाजारामुळे गाडी लावायला जागा नसते.